दुसरी द्वारका

"शेवटच्या भिंतीवर तुझी चार चित्रं लावायला सांगितलीत," मामंजी एसटीत पुढच्या बाकावरून मागे वळून म्हणाले. "काकूंची सगळी बघून झाली की लोक आपसूक तुझ्यापाशी येतील. शेवटी काय बघितलं तेच माणसाच्या लक्षात राहतं."

मामंजी म्हणजे माझे सासरे, त्र्यंबकराव गणपुले. वाईहून आम्ही तिघं पुण्याला निघालो होतो, मामंजी, माझे यजमान श्रीनिवास आणि मी. सासूबाई आल्या नव्हत्या. गुडघे दुखतात म्हणाल्या. हेच गुडघे दर एकादशीला मेणवलीच्या घाटापर्यंत चालत जाऊन यायचे, पण सासूबाईंच्या मनात नसलं की ते दुखायला लागत. मी हिरवं इरकल नेसले होते आणि पदराला सुरकुती पडू नये म्हणून खंबाटकी घाटभर सरळ ताठ बसून होते. श्रीनिवास दोनदा म्हणाले, अगं, टेकून बस. मला टेकवेना. पाच वर्षं ज्या भिंतीची वाट पाहिली तिच्याकडे चालले होते मी.

प्रदर्शन होतं द्वारकाबाई गणपुले यांच्या चित्रांचं, जन्मशताब्दीनिमित्त. या द्वारकाबाई मामंजींच्या चुलत्यांची बायको, त्यांची काकू. तेराव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली बाई. घरात बसून वाती वळायच्या सोडून ती कृष्णेच्या घाटावर कागद मांडीवर घेऊन बसायची आणि जलरंगात घाट काढायची. लोकांनी शेण फेकलं, असं घरात सांगत. मग एका संस्थानिकानं बोलावून घेतलं, मुंबईत पदक मिळालं, वर्तमानपत्रात नाव आलं, आणि शेण फेकणारेच तिच्या पाया पडायला लागले. मी या घरात यायच्या कितीतरी आधी ती गेली होती.

माझंही नाव द्वारका गणपुले. आपोआप जुळलेलं नव्हे, ठेवलेलं.

माहेरची मी शरयू. सांगलीच्या टेंब्यांची. लग्नात ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीनं नवरा बायकोचं नवं नाव लिहितो, तेव्हा माझ्या मैत्रिणी माना लांब करून बघत होत्या, कुणी म्हणत होतं श्रीलेखा येणार, कुणी श्रुती. श्रीनिवासांनी लिहिलं, द्वारका. माझी आत्या मागून पुटपुटली, "अगंबाई, पोरीचं लग्न लावताय की तीर्थयात्रेला धाडताय?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मनातून खट्टू झाले होते.

सत्यनारायण झाल्यावर मी त्यांना विचारलं, हेच नाव का?

ते म्हणाले, "सांगलीच्या प्रदर्शनात तुझं आयर्विन पुलाचं चित्र बघितलं, तेव्हाच मनात आलं. आमच्या घरात दुसरी द्वारका आली पाहिजे. नाव मीच सुचवलं."

संपलं. मी पाघळले. ज्या माणसानं आधी माझं चित्र बघितलं आणि मग मला बघितलं, त्याच्यासाठी एक नाव काय मोठंसं? शरयू त्या तांदळातच राहिली आणि तांदूळ दुसऱ्या दिवशी भातात गेले.

आणि खरं सांगते, सुख होतं. आमच्या आळीतल्या सुना पाण्याच्या हंड्यांनी वाकायच्या, आणि मला मामंजी म्हणायचे, "भांडी राहू देत, द्वारका, ऊन चढेल. घाटावर जा." पहिलं वर्षभर त्यांनी मला काकूंची घरात उरलेली चित्रं समोर ठेवून तशीच्या तशी काढायला लावली. हात बसू दे, म्हणाले. मग काकूंचे कोरे कागद दिले. सागवानी कपाटात, कडुलिंबाच्या पाल्यात बांधून ठेवलेले, जाड, विलायती. "तिच्यामागे पडून आहेत. सूनच वापरणार, दुसरं कोण?" मी त्या कागदांना नमस्कार केला होता. आठवलं की आजही माझेच हात मला परके वाटतात.

मामंजी रोज संध्याकाळी चित्र बघायचे. बारीक नजर. एकदा म्हणाले, "हा विजेचा खांब कशाला? डोळ्यात खुपतो. काढून टाक." खरंच खुपत होता. पुन्हा एकदा बाईच्या हातात प्लास्टिकची बादली होती, तर म्हणाले, "घागर दे गं तिच्या हातात. बादलीला काय रूप असतं?" तेही पटलं. सहीखाली मी तारीख घालायची, तर म्हणाले, "तारीख घालू नये. तारीख घातली की चित्र म्हातारं होतं." केवढं सुंदर बोलतात, असं वाटून ते वाक्य मी भावाला पत्रातही कळवलं होतं.

सासूबाईंचं मात्र निराळं. एकदा मी खाली सही करत होते, तर दारातून म्हणाल्या, "सही कशाला करतेस? सहीवाचून दिसत नाही का चित्र?"

मला तो टोमणा वाटला. सासूचा टोमणा न ओळखणारी सून कुणी बघितलीय? मी मुद्दाम सही आणखी ठळक केली. द्वारका गणपुले.

चित्रं जमली की श्रीनिवास ती पुण्याला फ्रेम करायला नेत. काकूंच्या शताब्दीला एकदम लावायची, असं ठरलेलं होतं. एकदम म्हणजे चार. बाकीची तुझ्या स्वतंत्र प्रदर्शनाला, मामंजी म्हणायचे. मी मान डोलवायची.

हॉलच्या दारात सनई लावली होती. मामंजींना लोकांनी घेरलं, श्रीनिवास हारांच्या टोपल्या बघायला गेले, आणि मी काकूंना मनोमन नमस्कार करून सरळ शेवटच्या भिंतीकडे चालू लागले. आधी काकूंची बघावीत एवढा पोच मला होता, पण पाय ऐकेनात.

शेवटच्या भिंतीला टेबलं लावली होती. टेबलांवर चहाचे कप पालथे घातलेले आणि बटाटेवड्यांची परात, वर वर्तमानपत्र. भिंतीवर काही नव्हतं. खिळासुद्धा नव्हता.

मला वाटलं, दुसरी भिंत असेल. परत फिरले आणि वाटेत कोंडाबाई दिसली.

कोंडाबाई आमच्याकडे धुणं धुते. डावरी आहे. लुगडं पिळते तेव्हा पीळ उलट्या बाजूनं पडतो, आणि तो पीळ कागदावर उतरवायला मला गणपतीच्या घाटावर आख्खी सकाळ लागली होती. उन्हानं रंग भराभर वाळत होते म्हणून श्रीनिवास डोक्यावर छत्री धरून उभे राहिले होते. ती कोंडाबाई सोनेरी चौकटीत लुगडं पिळत होती, आणि खाली छापील पट्टी होती. 'पाणवठा. द्वारकाबाई गणपुले. अंदाजे १९२२.'

मी शेजारचं बघितलं. माझं. त्याच्या शेजारचं काकूंचं, खरं. मग पुन्हा माझं, पुन्हा माझं. पिंपळाचा पार, पुरानंतरची पायरी, ढोल्या गणपतीची मागची भिंत. मामंजींनी काढून टाकायला लावलेल्या खांबाची जागा मला आभाळात दिसत होती. तिथं मी निळा जरा दाट लावला होता.

पाणवठ्यासमोर एक गृहस्थ भिंग घेऊन वाकले होते. प्राध्यापक रानवडे, चित्रांचे मोठे जाणकार. त्यांनीच प्रदर्शनातल्या चित्रांची निवड केली होती, असं मामंजींनी वाटेत सांगितलं होतं. मी त्यांच्याजवळ गेले.

"सर, हे चित्र माझं आहे."

ते सरळ झाले आणि हसले. "म्हणजे आपण गणपुल्यांच्या घरच्या. तुम्ही लोकांनी इतकी वर्षं जपलंत, उपकार आहेत."

"तसं नाही. मी काढलंय. गेल्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. ही बाई आमच्याकडे धुणं धुते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग चित्राकडे. माणूस वाईट नव्हता. पुन्हा भिंग लावून त्यांनी नीट पाहिलं, माझ्या समाधानासाठी का होईना.

"बाई, हा कागद आता कुठं मिळत नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा आहे. आणि ही सही बघा."

"सही माझीच आहे."

"आपलं नाव?"

"द्वारका गणपुले," मी म्हणाले.

मागे कुणीतरी खुदकन हसलं. माझ्याच तोंडातून माझंच नाव बाहेर पडलं आणि मी त्या क्षणी सगळ्यांच्या लेखी वेडी ठरले.

गर्दी जमायला लागली तसे मामंजी आले. "काय झालं?"

"सूनबाई म्हणतात, हे चित्र त्यांनी काढलंय," रानवडे म्हणाले.

मला वाटलं मामंजी गडबडतील, पट्ट्या लावणाऱ्यावर ओरडतील, चूक झाली म्हणतील. अजूनही वाटत होतं मला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. रोज चित्र बघून झाल्यावर ठेवायचे तसाच.

"नावही तिचंच ठेवलंय ना आम्ही," ते हसून म्हणाले. "लग्न झाल्यापासून काकूंच्या चित्रांवर हात बसवते आहे. फार लळा लागलाय पोरीला. कधी कधी आपण कोण तेच विसरते."

लोक कौतुकानं हसले. एक बाई म्हणाली, "किती गोड."

"मला कागद द्या," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "रंग द्या. इथं बसून काढून दाखवते."

"काढाल हो," रानवडे समजुतीनं म्हणाले. "गुरूची नक्कल चांगल्या शिष्याला जमतेच. पण अस्सल ते अस्सल."

मी श्रीनिवासांना शोधलं. ते हाराची टोपली हातात घेऊन खांबाआड उभे होते. आताच आले नव्हते ते. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"अहो, तुम्ही सांगा ना यांना. तुम्ही होतात की. छत्री धरून उभे होतात."

त्यांनी टोपलीतल्या झेंडूकडे बघितलं आणि म्हणाले, "द्वारका, घरी गेल्यावर बोलू."

द्वारका म्हटल्याबरोबर दोघातिघांनी मान वळवून बघितलं. भिंतीकडे.

सनई थांबली होती, भाषणं सुरू व्हायची होती. मी बाहेर पायऱ्यांवर येऊन उभी राहिले. रडू येत नव्हतं, संताप येत होता, आणि संतापाला जागा पुरेना. श्रीनिवास मागोमाग आले.

"बाबांचा नाइलाज झाला," ते म्हणाले. "काकूंच्या चित्रांची पेटी बाबांनीच माळ्यावर टाकली होती. वाळवीनं खाल्ली. कुणाला बोलले नाहीत. मग सरकारनं काकूंच्या नावानं दालन मंजूर केलं आणि विचारलं, चित्रं कुठायत? घरात उरली होती ती एका भिंतीलाही पुरली नसती. माणूस खचला गं."

"म्हणून माझी चित्रं चोरलीत?"

"चोरली कशी? त्यांच्यावर नाव तर तुझंच आहे."

हे तो माणूस मला समजावून सांगत होता. केसानं गळा कापतात म्हणतात, इथं तर मी स्वतः रोज केस धुऊन, विंचरून त्यांच्या हातात दिले होते.

"खांब काढून टाकायला लावला तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

ते पायरीवरचा खडा चपलेनं ढकलू लागले.

"तारीख?"

"हो."

"आणि सांगलीचं प्रदर्शन? माझा पूल बघितलात, म्हणालात."

"बघितला. आवडला मला, शपथ." मग खाली बघून म्हणाले, "त्याआधी मिरज आणि कोल्हापूर बघून झालं होतं. बाबा म्हणाले होते, हात असलेली मुलगी बघ."

माझ्याजवळ एकच गोष्ट उरली होती. मी तिला धरून बसले. "पण नाव तुम्ही सुचवलंत. माझं चित्र बघितल्यावर सुचवलंत. एवढं तरी खरं ना?"

त्यांनी माझ्या मागे, दाराकडे बघितलं. मामंजी दारात येऊन उभे होते, भाषणाला बोलवायला आले असावेत. त्यांनीच उत्तर दिलं. आवाज चढवला नाही की शरमेनं खाली आणला नाही. घराच्या वास्तूबद्दल सांगावं तसं सांगितलं.

"नाव आधी ठरलं होतं," ते म्हणाले. "मुलगी नंतर मिळाली."

रस्त्यावरून सायकली जात होत्या. मी त्या सायकलींकडेच बघत राहिले.

"काकूंचं नाव राहिलं पाहिजे, द्वारका," मामंजी पुढे म्हणाले. "तू तरुण आहेस. तू आणखी काढशील. तिला आता काढता येणार आहे का? चल, आत चल. दिवा तुझ्याच हातून लावायचाय."

"मामंजी, काकूंचं माहेरचं नाव काय होतं?"

ते थांबले. खरंच आठवून बघितलं त्यांनी. "कुणास ठाऊक," म्हणाले. "तेव्हाची गोष्ट. ते कोण लक्षात ठेवतं?"

मी दिवा लावला नाही. मिळेल त्या पहिल्या एसटीनं एकटीच वाईला आले. सासूबाई ओट्यापाशी बसून होत्या आणि त्यांच्या पुढ्यात माझी माहेरची वळकटी बांधून तयार होती. वर माझा जुना रंगांचा डबा, सांगलीहून आणलेला. कुंचले फडक्यात गुंडाळलेले. चहाचं आधण ठेवत म्हणाल्या, "मी म्हटलं होतं तुला, सही करू नकोस."

"सरळ का नाही सांगितलंत?" मी ओरडलेच त्यांच्यावर. "एका शब्दानं सांगितलं असतंत तर!"

"या घरात मी सरळ बोललेलं कुणी ऐकलंय का कधी?" त्या म्हणाल्या. "तिरकं बोलले की निदान टोमणा म्हणून तरी कानात राहतं."

मी चहा प्यायले. त्या माझ्याजवळ बसून होत्या. उठताना त्यांनी माझ्या हातात वळकटी दिली आणि म्हणाल्या, "जा, शरयू."

माझं नाव त्यांनी लग्नपत्रिकेवर एकदाच वाचलं असेल. त्या घरात फक्त त्यांच्या लक्षात होतं. तेव्हा मला रडू आलं.

सांगलीला भावानं वकील बघितला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, सही तुमची नाही असं म्हणता आलं असतं तर मी लढलो असतो. सही तुमचीच आहे, हीच अडचण आहे." श्रीनिवास दोनदा न्यायला आले. चांगले बोलले, रडलेही. प्रत्येक वेळी दारातून हाक मारली ती द्वारका म्हणून. मी ओ दिली नाही.

दालन उभं राहिलं. अजून आहे. शाळांच्या सहली येतात. मी एकदा गेले होते, पोरांच्या रांगेमागून. कोंडाबाई तिथं लुगडं पिळतेय, १९२२ साली. द्वारकाबाईंवर माझा राग नाही. बिचारीला विचारलं असतं तर तिनंच आधी नको म्हटलं असतं. आपल्या नावावर दुसरीचा घाम चढलेला कुठल्या कष्टाळू बाईला रुचेल? आणि तिचंही नाव कुणीतरी तांदळातच सोडून दिलं होतं.

मी पुन्हा काढायला लागले त्याला वेळ लागला. सांगलीत पहिलं प्रदर्शन झालं, शरयू टेंबे या नावानं. रानवडे सर तेव्हा खूप थकले होते, तरी आले, काठी टेकत प्रत्येक चित्रापुढे उभे राहिले. मला त्यांनी ओळखलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं की टेंबेबाईंचा हात चांगला आहे, पण त्यांच्यावर द्वारकाबाई गणपुले यांची गडद छाप आहे, आणि त्या छापेतून त्यांनी लवकर बाहेर पडावं. भाऊ कात्रण घेऊन धावत आला, मला वाईट वाटेल म्हणून. मी इतकी हसले की त्याला पाणी आणावं लागलं.

आता नदी काढायला बसले की मी आधी विजेचा खांब काढते. मग तारा. मग घाटावर लाल प्लास्टिकची बादली, एखाद्या पोराच्या हातात ट्रान्झिस्टर. नदी उरलेल्या जागेत काढते. खाली सही करते आणि सहीखाली तारीख घालते, महिन्यासकट. म्हातारं होतं तर होऊ दे की चित्र. माझ्याबरोबर होऊ दे.